काळ्या रानाचं रसायन बाटलीत: धातूच्या ऑक्साइडचे नॅनोमीटरभर जाडीचे पत्रे कसे सुटतात

एप्रिल-मे महिन्यात परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या रानात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि चिखल असा होतो की चप्पल पायात राहत नाही. हे फुगणं-आकसणं मातीतल्या स्मेक्टाइट नावाच्या खनिजामुळे होतं. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या थरांची चवड असते. एकेक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाड, त्यावर थोडा ऋण विद्युतभार, आणि तो भार फेडायला दोन थरांच्या मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धन आयन. पाणी मिळालं की ते या आयनांभोवती गोळा होतं आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात.

ही गोष्ट नीट कळली तर या लेखाचा अर्धा विषय कळला. टायटॅनियम, नायोबियम, मँगनीज अशा धातूंच्या थरदार ऑक्साइडपासून एकेक थर सुटा करून अतिपातळ पत्रे, म्हणजे नॅनोशीट, मिळवायचे असतील तर प्रयोगशाळेत हेच घडवावं लागतं. थर ओढून किंवा कुटून सुटे होत नाहीत. त्यांच्या मध्ये योग्य आयन आणि भरपूर पाणी शिरू दिलं की ते फुगत फुगत आपले आपण अलग होतात. दळून पावडर कितीही बारीक केली तरी चवडीची लहान चवडच होते, पत्रा सुटत नाही.

पातळ म्हणजे किती, हे आधी पाहू. टायटॅनियम ऑक्साइडचा सुटा पत्रा ०.७५ नॅनोमीटर जाड असतो. माणसाचा केस ७५ मायक्रोमीटर धरला तर त्याच्या जाडीत असे एक लाख पत्रे बसतील. लांबी-रुंदी मात्र शेकडो नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे जाडीच्या शेकडो ते हजारो पट असते. आपल्याला गुंठ्यात लवकर कळतं म्हणून त्या हिशेबात सांगायचं तर एक ग्रॅम पत्रे एकेरी थरात, मध्ये फट न ठेवता, अंथरले तर सुमारे साडेचार गुंठे जमीन झाकली जाईल. स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा लहानात लहान तुकडा, म्हणजे एक घटक, याचं वजन आणि क्षेत्रफळ यांवरून हे गणित थेट निघतं: दर चौरस मीटरला साधारण २.२ मिलिग्रॅम.

साटा आणि पदर

चिरोट्याचे पदर तळताना सुटतात, कारण पोळ्यांच्या मध्ये साटा लावलेला असतो. साटा विसरला तर सगळ्या पोळ्या एकजीव होतात. आपल्या ऑक्साइडमध्येही साटा लागतो. साधा टायटॅनियम डायऑक्साइड, तोच पांढऱ्या रंगातला, तिन्ही दिशांना घट्ट बांधलेला असतो. त्याला पदरच नाहीत. म्हणून तो आधी सिझियम किंवा पोटॅशियमबरोबर भाजून थरदार करावा लागतो. भाजताना टायटॅनियम आणि ऑक्सिजन मिळून लाटेसारखे खालीवर वळलेले थर बनवतात आणि दोन थरांच्या मध्ये सिझियम जाऊन बसतं.

थरातल्या टायटॅनियमच्या काही जागा रिकाम्या राहतात. दर दोन जागांमागे १.८२५ टायटॅनियम, बाकी भोकं. या भोकांमुळे थरावर ऋण भार येतो आणि तो फेडायला दर घटकामागे ०.७ सिझियम लागतं. पुढची सगळी प्रक्रिया या भारावर चालते. भार नसलेल्या थरांत आयनांना धरून ठेवायला काहीच नसतं, मग ही वाट बंद होते.

एवढा भार असूनही हा थरदार पदार्थ, म्हणजे टायटनेट, नुसत्या पाण्यात सुटत का नाही? सोडियम भरलेलं स्मेक्टाइट तर सुटतं. कारण भार फार दाट आहे. टायटनेटच्या थरावर दर चौरस नॅनोमीटरला सहाच्या आसपास भार असतात. स्मेक्टाइटवर ते साधारण दीड, म्हणजे टायटनेटवर चौपट. इतक्या दाट भारामुळे लहान धन आयन दोन्ही थरांना चिकटून राहतात आणि पाण्याला वाव मिळत नाही. तिथे मोठा, ढिलाईने बसणारा आयन घुसवावा लागतो.

जपानमधल्या त्सुकुबा इथले ताकायोशी सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती वापरून १९९६ मध्ये टायटनेटचे एकेरी पत्रे पाण्यात तरंगत मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. ग्राफिनचा, म्हणजे कार्बनच्या एकेरी पत्र्याचा, गाजावाजा २००४ नंतरचा. एकेरी पत्र्यांचं शास्त्र तिथून सुरू झालं असं सर्रास लिहिलं जातं, त्यात ऑक्साइडवाल्यांवर अन्याय होतो.

भाजणं

१० ग्रॅम मिश्रणासाठी सिझियम कार्बोनेट ४.३५ ग्रॅम आणि टायटॅनियम डायऑक्साइड ५.६५ ग्रॅम घ्या. डायऑक्साइड अ‍ॅनाटेज प्रकारचा, म्हणजे त्या नावाच्या स्फटिकरूपातला, असावा. मोलच्या हिशेबात हे प्रमाण १ ला ५.३ पडतं.

पहिली चूक वजनकाट्यावर होते. सिझियम कार्बोनेट हवेतलं पाणी खेचून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण उघडं ठेवून वजन करायला गेलात तर आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. तो चढलेला भाग पाण्याचा असतो, म्हणजे खरं सिझियम कमी पडतं. उपाय असा: कार्बोनेट दीडशे-दोनशे अंशांवर दोन-तीन तास वाळवायचं, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करायचं आणि पटकन वजन करायचं. सिझियमचं प्रमाण दर घटकामागे ०.६७ ते ०.७३ या पट्ट्यात असलं तर हवा तो थरदार पदार्थ बनतो. त्याखाली गेलं की दुसरेच टायटनेट किंवा न भाजलेला डायऑक्साइड शिल्लक राहतो.

अगेटच्या खलात अर्धा तास घोटा. मूस अ‍ॅल्युमिनाची किंवा प्लॅटिनमची घ्या. पोर्सिलेनची मूस वापरू नका, सिझियम तिच्यातल्या सिलिकाला धरतं आणि तेवढं मिश्रणातून कमी होतं. आधी ८०० अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवून कार्बन डायऑक्साइड जाऊ द्यायचा. थंड करून पुन्हा घोटायचं आणि ८०० अंशांवर २० तास भाजायचं. परत काढून, घोटून, आणखी २० तास. मधलं घोटणं टाळू नका. घन पदार्थातले आयन कणाकणाच्या स्पर्शातूनच सरकतात आणि घोटल्याने नवे स्पर्श तयार होतात. शेवटी वजन ९.४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं, कारण कार्बन डायऑक्साइडपोटी जवळपास सहा टक्के घट ठरलेली आहे. घट फार जास्त दिसली तर पावडर ओली होती किंवा सिझियम उडून गेलं.

भट्टी चालू असताना वीज गेली तर हळहळू नका. पहिला अर्धा तास पार पडलेला असेल तर लाइट आल्यावर पुन्हा चढवून उरलेले तास भरून काढले तरी चालतं. मूस मात्र भट्टीबाहेर काढून दमट हवेत ठेवू नका.

झालं की एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, काढायचा. तांब्याच्या क्ष-किरणांवर १०.२ अंशांजवळ पहिली ठळक शिखररेषा दिसते, म्हणजे थराथरातलं अंतर ०.८६ नॅनोमीटर. २५.३ अंशांवर शिखर दिसलं तर अ‍ॅनाटेज उरलं आहे. पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. हा उरलेला डायऑक्साइड पुढे कधीच सुटत नाही. शेवटच्या द्रावणात पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो आणि माणसाला वाटतं पत्रेच सुटले नाहीत.

सिझियम महाग पडतं. पोटॅशियम-लिथियमचा टायटनेट हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. त्यासाठी १० ग्रॅमला पोटॅशियम कार्बोनेट २.७२, लिथियम कार्बोनेट ०.४९ आणि टायटॅनियम डायऑक्साइड ६.७९ ग्रॅम. यात लिथियम थराच्या आतच टायटॅनियमच्या जागी बसतं आणि पुढे आम्लात तेही विरघळून निघतं. म्हणून या पत्र्याला भोकं जास्त असतात आणि भारही जास्त. मोठे, दहा-वीस मायक्रोमीटर रुंदीचे पत्रे हवे असतील तर याच जातीचे स्फटिक पोटॅशियम मॉलिब्डेटच्या वितळलेल्या रसात १२०० अंशांवर वाढवतात.

आम्लात मुरवणं

आता थरांमधलं सिझियम काढून तिथे प्रोटॉन आणि पाणी बसवायचं. एक ग्रॅम पावडरीला १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिली. बाजारात मिळणाऱ्या ३५-३७ टक्क्यांच्या आम्लापासून हे करायचं तर साधारण ८५ मिली आम्ल पाण्यात सावकाश ओतून एक लिटर करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. तीन दिवस ढवळत ठेवायचं, रोज आम्ल बदलायचं. एका ग्रॅममध्ये बदलायचं सिझियम जेमतेम २.९ मिलिमोल असतं आणि १०० मिली आम्लात प्रोटॉन १०० मिलिमोल, म्हणजे पस्तीस पट. तरीही रोज बदलावं लागतं, कारण बाहेर आलेलं सिझियम द्रावणात साचलं की परत आत जाऊ पाहतं. पहिल्या दिवशीचं आम्ल ओतून दिलं नाही तर शेवटचं पाच-दहा टक्के सिझियम निघता निघत नाही.

मग गाळून धुवायचं, आणि धुवायला डिस्टिल्ड वॉटरच. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दह्यासारखं पांढरं दिसणं थांबलं की क्लोराइड गेलं.

वाळवण्यात इथे बरेच जण चुकतात. प्रोटॉनवाल्या टायटनेटच्या थरांमध्ये पाण्याचा एक पदर असतो आणि त्यामुळेच थरांतलं अंतर ०.९४ नॅनोमीटर राहतं. एक्सआरडीतलं शिखर ९.४ अंशांवर सरकतं ते याच पदरामुळे. पावडर ओव्हनमध्ये शंभर अंशांवर ठेवली की पाणी उडतं, थर एकमेकांना भिडतात, आणि पुढच्या पायरीत मोठा आयन आत शिरायला दार बंद. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी हवेतला ओलावा वीस टक्क्यांखाली उतरतो, तेव्हा पावडर पंख्याखाली पसरून विसरलात तरी ती कोरडी ठणठणीत होण्याची भीती असते. सावलीत, घरातल्या तापमानाला वाळवा आणि ओलसरपणा पूर्ण जाऊ देऊ नका. भरपूर मीठ घातलेल्या पाण्याची वाटी ठेवलेल्या बंद डब्यात ती व्यवस्थित टिकते, कारण मिठाचं संपृक्त द्रावण आतला ओलावा सुमारे ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं.

एक ग्रॅम सिझियम टायटनेटमागे ०.७ ग्रॅम पावडर हाती लागते. वजन याहून जास्त भरलं तर एकतर सिझियम उरलं आहे किंवा पावडर नुसती ओली आहे.

फुगणं आणि सुटणं

पत्रे सुटतात ते टेट्राब्युटाइल अमोनियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात. याला इथे टीबीए म्हणू. हायड्रॉक्साइड थरांमधला प्रोटॉन खेचून पाणी करतं आणि त्या जागेवर टीबीएचा धन आयन आत जातो. चार लांब कार्बनसाखळ्या चहूकडे पसरलेला हा आयन जवळपास एक नॅनोमीटर रुंद असतो. तो थराला घट्ट चिकटू शकत नाही आणि दाट भाराच्या प्रत्येक जागेवर एकेक असा मावूही शकत नाही. आत आयन दाटलेले, बाहेर पाणी पातळ. मग बाहेरचं पाणी आत धावतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तोच परासरणाचा दाब. थर फाकत जातात आणि एका मर्यादेपुढे थरांना एकमेकांची ओढ उरत नाही. मग भांडं हलवलं तरी पत्रे अलग होतात.

हिशेब असा. ०.४ ग्रॅम पावडरीत बदलता येणारे प्रोटॉन १.६५ मिलिमोल. टीबीएसुद्धा तेवढंच घ्यायचं, एकास एक. ४० टक्क्यांचं तयार द्रावण असेल तर ते १.०७ ग्रॅम लागतं. मिलीत मोजण्यापेक्षा वजन करून घेणं बरं, कारण हे द्रावण तेलकट असतं आणि पिपेटच्या भिंतीला धरून बसतं. डिस्टिल्ड वॉटर घालून एकूण १०० मिली करा, पॉलिप्रॉपिलिनच्या बाटलीत भरा, शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. जुन्या पद्धतीत दहा दिवस ते दोन आठवडे देतात. फुगणं खरं तर मिसळल्यापासून थोड्याच वेळात सुरू होतं, आणि बाकीचा काळ मोठ्या कणांच्या गाभ्यापर्यंत पोचण्यात जातो.

हिवाळ्यात इथे एक अडचण हमखास येते. ४० टक्क्यांचं टीबीए द्रावण पंचवीस-तीस अंशांखाली पाणी धरून स्फटिक बनवतं. परभणीची डिसेंबरची रात्र दहा अंशांखाली उतरते, तेव्हा सकाळी बाटलीत अर्धं पांढरं खडीसाखरेसारखं गोठलेलं दिसतं. वरचं पातळ तेवढं ओतून घेतलं तर त्यातलं टीबीएचं प्रमाण चुकीचं असतं. बाटली बंद ठेवून ४० अंशांच्या पाण्यात बसवा, सगळं वितळू द्या, हलवून एकजीव करा, मग वजन करा. त्याहून जास्त तापवू नका, टीबीए उष्णतेने तुटतं. झाकण उघडं राहिलं तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि कार्बोनेट होऊन बसतं. कातडीला आणि डोळ्यांना हे द्रावण फार वाईट आहे. हातमोजे आणि चष्म्याशिवाय बाटली उघडू नका.

टीबीए जास्त घातलं की जास्त सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटं. प्रोटॉनच्या निम्म्याहून कमी टीबीए असेल तर काही थर मिटलेलेच राहतात. आणि प्रमाण पंचवीस पटींच्या आसपास नेलं तर बाहेरचं पाणीच आयनांनी इतकं दाट होतं की आत धावायला कारण उरत नाही. थर १.७५ नॅनोमीटरवर येऊन थांबतात. एक्सआरडीत पाच अंशांजवळ स्वच्छ शिखर दिसतं, आणि तेच सांगतं की चवड फुगली पण मोडली नाही.

काळ्या रानाकडे परत येऊ, कारण पाण्याची बाब तिथेच नीट समजते. जायकवाडीच्या कालव्याखालच्या काही जमिनी चोपण झाल्या आहेत. चोपण म्हणजे थरांमध्ये कॅल्शियमच्या जागी सोडियम भरलेली माती. सोडियमवर एकच भार, भोवती पाण्याचं जाड वेष्टन, म्हणून पातळ पाण्यात थर सुटतात, बारीक कण छिद्रं बुजवतात आणि डबकं दिवसेंदिवस गढूळ राहतं. कृषी विभाग तिथे जिप्सम टाकायला सांगतो. जिप्सममधल्या कॅल्शियमवर दोन भार असतात. एकेक आयन दोन शेजारच्या थरांना एकत्र धरतो, कण गोळा होतात आणि पाणी मुरायला लागतं. शेतकऱ्याला हवा असतो गोळा होणारा कण, आपल्याला हवा असतो सुटणारा. म्हणून शेतात जे औषध, ते आपल्या बाटलीत विष.

बोअरच्या कठीण पाण्याने हे काम होत नाही ते याच कारणाने. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पत्र्यांना पुन्हा चिकटवतं, वर टीबीएच्या अल्कलीत त्याचा कार्बोनेटही बसतो. घरच्या आरओचं पाणीसुद्धा टाळा, त्यात क्षार उरलेले असतात आणि किती ते रोज बदलतं. डोळ्यांनी बघायचं असेल तर तयार द्रावण दहापट पातळ करून दोन परीक्षानळ्यांत घ्या आणि एकीत चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड टाका. दुधट द्रावणात आधी बारीक कणी दिसते, मग ती ढगासारखी गोळा होऊन खाली उतरते आणि वर नितळ पाणी राहतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे दिसतं तेच.

ढवळण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: अल्ट्रासॉनिक बाथचा मोह आवरा. त्याने द्रावण एका तासात छान दुधट दिसतं, पण पत्रे फाटून शंभर-दोनशे नॅनोमीटरचे तुकडे होतात. लेप द्यायला असे तुकडे निकामी. चुंबकाची कांडीसुद्धा तळाशी पत्रे भरडते. सावकाश हलवणं वेळ खातं, पण पत्रा अखंड ठेवतं. आणखी मोठे पत्रे हवे असतील तर टीबीएऐवजी त्याचा लहान भाऊ टेट्रामिथाइल अमोनियम वापरतात. त्यात चवड फुगते पण सहज मोडत नाही, म्हणून सुटताना पत्रे कमी फाटतात.

फुगणं किती टोकाला जाऊ शकतं हे त्सुकुबातल्याच गटाने २०१३ मध्ये दाखवलं. टायटॅनियमबरोबर लोह असलेल्या थरदार ऑक्साइडचे मोठे स्फटिक त्यांनी डायमिथाइल अमिनो इथेनॉलच्या द्रावणात ठेवले. स्फटिक हार्मोनियमच्या भात्यासारखा उघडत जाडीला शंभर पट झाला, तरी त्याचे थर रांगेतच राहिले. आम्लात टाकल्यावर तो पुन्हा मिटला.

खरंच सुटले का?

दुधट दिसलं म्हणजे पत्रे झाले असं नाही. पिठाचं पाणीही दुधट असतं. पहिली तपासणी फुकट आहे: बाटली उजेडासमोर धरून हळूच गोल फिरवा. रेशमाच्या पदरासारख्या चमकत्या रेघा वाहताना दिसल्या तर कण चपटे आहेत आणि प्रवाहात एका दिशेला वळत आहेत. गोल कणांच्या द्रावणात अशी झळाळी येत नाही. अंधारात लेझर पॉइंटर मारला तर किरणाची वाट उजळून दिसते, पण ती कुठल्याही बारीक कणांच्या द्रावणात दिसते. तिच्यावर भिस्त ठेवू नका.

न सुटलेले कण सेंट्रिफ्यूजवर हलक्या फिरकीत, मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवर दहा मिनिटांत खाली बसतात. वरचं द्रावण आपलं. फेऱ्यांचा आकडा प्रत्येक यंत्राच्या रोटरवर अवलंबून असतो, तेव्हा दुसऱ्याच्या यंत्राचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. दहा-पंधरा हजार फेऱ्यांवर पत्रेही बसतात आणि जेलीसारखा लगदा मिळतो. त्या ओल्या लगद्याचा एक्सआरडी काढला तर धारदार शिखरं नाहीशी होऊन पसरट उंचवटा उरतो. वाळल्यावर मात्र पत्रे पुन्हा एकावर एक बसतात आणि शिखर परत येतं. म्हणून नमुना ओला असतानाच मोजायचा.

अतिनील वर्णपटात २६५ नॅनोमीटरजवळ टोकदार शोषण दिसतं. पत्रा इतका पातळ असल्यामुळे त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जापट्ट्यांमधली दरी रुंदावते: अ‍ॅनाटेजमध्ये ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सुट्या पत्र्यात ३.८ च्या आसपास. शेवटची खात्री एएफएमची, म्हणजे पृष्ठभागाची उंची टोकदार सुईने चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची. गुळगुळीत सिलिकॉनवर पातळ थेंब वाळवून जाडी मोजली तर १.१ ते १.२ नॅनोमीटर येते. स्फटिकाच्या रचनेवरून ०.७५ यायला हवी होती, म्हणून पाहणारा गोंधळतो. वरचा फरक पत्र्याला चिकटलेल्या पाण्याचा आणि टीबीएचा आहे. जाडी २.५ किंवा ३ नॅनोमीटर आली तर एकाहून जास्त थर आहेत असं समजा.

दुसरी ऑक्साइडं

पद्धत तीच, आकडे वेगळे. पोटॅशियम-कॅल्शियम-नायोबियमचा पेरोव्हस्काइट, म्हणजे एका ठराविक स्फटिकरचनेचा ऑक्साइड, १२०० अंशांवर भाजतात. इतक्या तापमानाला पोटॅशियम उडतं, म्हणून पोटॅशियम कार्बोनेट दहा टक्के जास्त घालतात. आम्ल इथे नायट्रिक, तेही ५ मोलर. सुटणारा पत्रा १.४४ नॅनोमीटरचा असतो. त्याच्या काही नॅनोमीटर जाडीच्या लेपातही परावैद्युतांक, म्हणजे विजेचा भार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप, दोनशेच्या घरात राहतो, म्हणून कपॅसिटरवाल्यांना तो हवा असतो. पोटॅशियम मँगनीज ऑक्साइडपासून तपकिरी पत्रे मिळतात. ते विजेचा भार साठवणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी वापरून पाहिले जातात. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडची जात वेगळी, त्याच्या थरांवर भारच नसतो. तिथे आयन बदलण्याची ही वाट लागू पडत नाही.

लेप देणं

पत्रे ऋण भाराचे असल्यामुळे धन भाराच्या पॉलिमरबरोबर ते एकाआड एक बसवता येतात. काच आधी नीट स्वच्छ करायची, मग पॉलिइथिलिन इमाइनच्या पातळ द्रावणात २० मिनिटं बुडवायची आणि धुवायची. त्यानंतर पत्र्यांच्या द्रावणात २० मिनिटं. हे द्रावण लिटरला ०.०८ ग्रॅम इतकं पातळ आणि पीएच ९ वर असावं. पुन्हा धुवायचं, पुन्हा पॉलिमर. दाट द्रावण वापरून वेळ वाचवायला गेलात तर पत्रे एकमेकांवर चढतात आणि काचेवर ठिपके दिसतात. प्रत्येक फेरीनंतर २६५ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. ते दर फेरीला सारखंच वाढत गेलं पाहिजे. एखाद्या फेरीत वाढ कमी आली तर त्याआधीचं धुणं कमी पडलं आहे किंवा पॉलिमर नीट बसलेला नाही, आणि तिथेच थांबून काच नव्याने सुरू करणं बरं. पुढचे थर ती खोट भरून काढत नाहीत. आतला पॉलिमर नको असेल तर अतिनील दिव्याखाली ठेवला की पत्राच उजेडाच्या मदतीने त्याला जाळून टाकतो.

याच कारणाने साठवणीची बाटली अंधारात ठेवायची, नाहीतर उन्हातला अतिनील भाग पत्र्यांना तरंगत ठेवणारं टीबीएच खाऊन टाकतो. काच नको, प्लॅस्टिकची बाटली बरी, कारण अल्कली काचेतून सिलिका ओढते. बाटलीवर तारीख आणि टीबीएचं प्रमाण लिहून ठेवा. काही आठवड्यांनी तळाशी सैल गाळ दिसला आणि दोनदा उलटसुलट केल्यावर तो मिसळून गेला, तर द्रावण चांगलं आहे. हलवूनही कणी राहिली तर त्या बाटलीत क्षार शिरले आहेत. ती टाकून द्या आणि पुढच्या वेळी आधी पाणी तपासा.